ओझे कोणाचे, खांदा कोणाचा?



सुट्टी जवळ आली की आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांत पलंगावर बॅगा उघडून पडतात. कोणी मुलीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला निघालेले असते, कोणी आखाती देशात मुलाकडे, तर कोणी तीर्थयात्रेच्या गटाबरोबर लूर्द, फातिमा किंवा रोमला. मग पंधरा दिवस घरात एकच चर्चा चालते. काय न्यायचे आणि काय ठेवायचे? अनेक विमान कंपन्या एका बॅगेला २३ किलोची मर्यादा ठेवतात. आदल्या रात्री काटा २७ वर जातो आणि शब्दाने शब्द वाढतो.

वरवर पाहता हा फक्त वजनाचा प्रश्न. पण बॅग भरताना आपण कशावर विसंबतो आणि कोणाचा विचार करतो हेही ठरत असते. म्हणून त्यावर थोडे चिंतन करू या.

संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू याच विषयावर दोनदा बोलतो, आणि दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. शिष्यांना गावोगावी पाठवताना तो त्यांना थैली, झोळी असे काहीच बरोबर घेऊ देत नाही (अध्याय ९ व १०). दुःखसहनाच्या आदल्या रात्री मात्र तो म्हणतो की ज्याच्याजवळ थैली आहे त्याने ती आता घ्यावी (अध्याय २२). मग खरे कोणते? रिकाम्या हाताने जाणे की तयारीने जाणे?

मला वाटते, दोन्ही खरे आहे. फक्त प्रत्येक वस्तू हातात घेताना एक प्रश्न विचारायला हवा. ही वस्तू नसली तर त्रास कोणाला होईल?

रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकल्या आणि ती बॅग दुसऱ्याच विमानात गेली, तर त्रास एकट्याला होत नाही. सारा गट औषधाच्या दुकानापुढे ताटकळतो. पासपोर्टची मुदत पाहिली नाही, त्याची प्रत वेगळी ठेवली नाही, तर सोबतचा माणूस आपल्यासाठी वकिलातीच्या पायऱ्या झिजवतो. म्हणून औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, पासपोर्ट, विमा आणि पत्ते लिहिलेला कागद हातातल्या पिशवीत, रोज त्याच कप्प्यात असावा. पॉवर बँकही हातातच ठेवायची असते. तिच्या बॅटरीने पेट घेतला तर माणसांसमोर आग विझवता येते, विमानाच्या पोटात ती कोणाला दिसतही नाही. असा नीटनेटकेपणा म्हणजे शेजाऱ्यावरील प्रेमच. त्याला अविश्वास म्हणू नये.

आता उरलेल्या वस्तू पाहा. सहावी साडी, चौथे बूट, ‘लागलेच तर’ म्हणून घेतलेली चादर. त्या नसल्या तर कोणाचे काय अडेल? कोणाचेच नाही. फार तर फोटोत तोच सदरा दोनदा दिसेल. या वस्तू गरजेपोटी येत नाहीत, धास्तीपोटी येतात. ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘तिथे मिळाले नाही तर’ या दोन भीतींचे वजन काट्यावर कपड्यांच्या नावाने दिसते. झोळी घेऊ नका हे प्रभूचे सांगणे इथे लागू पडते. जिथे जातो तिथेही माणसे राहतात, तिथेही साबण मिळतो.

संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्याला पोहोचले. तेरा महिन्यांचा प्रवास! राजाच्या अधिकाऱ्यांनी प्रवासाचे सामान देऊ केले, तेव्हा त्यांनी थोडी पुस्तके आणि थंडीसाठी एक जाडेभरडे वस्त्र एवढेच घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पोपमहोदयांच्या प्रतिनिधीला शोभावा म्हणून एक नोकरही देऊ केला होता. तोही त्यांनी नाकारला आणि आपले कपडे आपणच धुतले. नोकराची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सामान कमी, पण ते दुसऱ्याने वाहायचे, असे झाले तर बॅग हलकी झाली असे कसे म्हणावे? ओझे फक्त दुसऱ्या खांद्यावर गेले. आपल्या तीर्थयात्रांत साठीचे काका तीन बॅगा घेतात आणि गटातला एखादा तरुण त्या बसमध्ये चढवतो. तो ‘नाही’ म्हणत नाही, एवढेच.

दुसऱ्यांच्या पुड्यांचे काय करावे? ‘तुम्ही जाताच आहात, एवढे पाकीट आमच्या भाच्याला द्या.’ आपल्या माणसाला नाही कसे म्हणायचे? पण २०१९ मध्ये कतारला गेलेल्या मुंबईच्या एका जोडप्याच्या सामानात, नातेवाइकाकडून आलेल्या पाकिटात, चरस सापडला. त्यांना १० वर्षांची शिक्षा झाली. निर्दोष ठरून ती सुटली ती २०२१ मध्ये. तेव्हा पाकीट उघडून पाहणे हा अपमान नाही. देणाऱ्यानेच ते उघडे आणावे आणि समोर भरावे. ‘बॅग तुम्हीच भरली का?’ या विमानतळावरच्या प्रश्नाला खरे उत्तर देता येणे हीसुद्धा सचोटीच आहे.

शेवटी राहते आईची बॅग. तिच्यात स्वतःचे कपडे तळाशी आणि वर बाटली मसाला, पापड, लोणचे. हे ओझे भीतीचे नाही, मायेचे आहे, आणि मायेला काटा लावू नये. तरी एक करावे. मुलांना आधी विचारावे. युरोपीय संघातील देशांत बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, मग रात्रभर जागून केलेले सोरपोतेल विमानतळावरच टाकावे लागते. मुलीला कदाचित लोणच्याच्या चार बरण्या नको असतील, आईने चार दिवस निवांत बसावे एवढेच हवे असेल. ज्याला द्यायचे त्याला काय हवे हे न विचारता दिलेले कधी कधी आपल्याच समाधानासाठी असते.

निघण्याच्या आठवडाभर आधी भरलेली बॅग स्वतः उचलून स्टेशनचा जिना एकदा चढून पाहा. जमले नाही तर काही काढा. नवराबायको दोघे जात असाल तर एकमेकांच्या बॅगेत आपल्या कपड्यांचा एकेक जोड ठेवा. एकाची बॅग हरवली तरी दोघांची सोय होते. आणि बॅगेत थोडी जागा मोकळी ठेवा. वाटेत कोणाला आपल्या हाताची गरज लागली, तर तो हात मोकळा असावा.

प्रवासाला निघणाऱ्या आपल्या सर्वांना प्रभू सुखरूप नेवो आणि सुखरूप आणो.