सुई कोणासाठी?



एका तरुण आईने मला विचारले, “फादर, माझे बाळ धडधाकट आहे. गोवर हल्ली दिसतही नाही. मग सुई टोचून ताप का आणायचा?”

प्रश्न मायेपोटी आला आहे. तो हसण्यावारी नेऊ नये. पण २०२२ साली मुंबईत गोवराने लहान मुले दगावली, हे आपण विसरलो.

गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, दुसरी १६ ते २४ महिन्यांत. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती त्याआधीच ओसरू लागते. मग तान्हे बाळ कोणाच्या भरवशावर? आजूबाजूच्या मुलांनी घेतलेल्या लशीच्या! शंभरातील ९५ जण सुरक्षित असतील तरच गोवराची वाट अडते.

“म्हणजे दुसऱ्यांसाठी माझ्या लेकराला वापरायचे?” नाही. लस आधी त्याचेच रक्षण करते. शिवाय लस मिळेपर्यंत त्यालाही इतरांनीच सांभाळले. ते ऋण आहे. फेडायला लागते काय? डॉक्टरांच्या दवाखान्यात एक फेरी, थोडे रडणे, क्वचित हलका ताप. शंका असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. शेजारप्रीती इतक्या स्वस्तात क्वचितच मिळते.

आज घरी गेल्यावर बाळाचे लसीकरणाचे कार्ड जरूर काढून पाहा.

आपला,
प्रमुख धर्मगुरू