परमुलखातल्या बाई

"फादर, दुसऱ्यांची मुले शिकविण्यासाठी स्वतःचे मूल मागे ठेवणे हे पाप आहे का?" गेल्या पावसाळ्यात रोह्याच्या एका शिक्षिकेने आमच्या पडवीत बसून हा प्रश्न विचारला. त्या वेळी आम्ही तिला जे उत्तर दिले, त्याची आज आम्हांस लाज वाटते.

ही बाई मस्कत येथील एका भारतीय शाळेत नऊ वर्षे गणित शिकविते. नवऱ्याची धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरी सुटली, घराचे कर्ज उभे होते, आणि बी.एड.ची पदवी तिच्यापाशी होती. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. ती पेणला आजीकडे राहिली. आता ती दहावीत आहे. तिकडच्या शाळा जून-जुलैत बंद असतात, त्यामुळे बाईंना आपला गाव दिसतो तो नेहमी पावसात. गावचा नाताळ तिने कित्येक वर्षांत पाहिलेला नाही.

प्रश्न उठला तो एका साध्या प्रसंगातून. एके रात्री फोनवर बोलता बोलता तिने आपल्या मुलीला वर्गातील एका विद्यार्थिनीच्या नावाने हाक मारली. मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा तिने तो आजीच्या हाती दिला आणि अंगणात निघून गेली. एवढेच घडले होते.

आम्ही तिला शुभवर्तमानातील रुपयांचा दाखला दिला. धन्याने सोपविलेले धन जमिनीत पुरून ठेवणारा चाकर दोषी ठरला. तुला शिकविण्याचे दान मिळाले आहे, ते तू वापरीत आहेस, असे काहीसे बोललो. "होय, फादर," असे म्हणून तिने चहा संपविला आणि छत्री उघडून ती निघून गेली. शिक्षकाला हे 'होय' चांगले ओळखता येते. आम्हीही काही वर्षे सेमिनरीत शिकविले आहे. ज्या विद्यार्थ्याला काही समजलेले नसते आणि पुन्हा विचारावेसेही वाटत नाही, तो असे 'होय' म्हणतो.

परदेशी शिकविणाऱ्याचे जीवन बाहेरून भरभराटीचे दिसते, आणि काही अंशी ते तसे असतेही. एका ओमानी रियालचे आपले दोनशेहून अधिक रुपये होतात. कर्ज फिटले, कौले जाऊन स्लॅब आला, मुलीच्या शिकवणीची सोय झाली. तेथील विद्यार्थ्यांबद्दल ही बाई बोलू लागली की तिचा चेहरा उजळतो. मल्याळी, तमिळ, गुजराती, हैदराबादी अशी सारी मुले एका वर्गात. एखाद्याला अपूर्णांक उमगला की त्याचे घर कोणत्या राज्यातले आहे हे कोणालाच आठवत नाही. पण व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की देशही सोडावा लागतो, आणि हे जसे शिक्षिकेचे तसेच तिच्या विद्यार्थ्यांच्या बापाचेही असते. वर्षाच्या मध्येच एखादा बाक रिकामा होतो. विचारले तर कळते की वडिलांची नोकरी सुटली, कुटुंब गावी गेले. रविवार तेथे कामाचा दिवस. म्हणून मिस्सा शुक्रवारी. सुरुवातीला तिला शुक्रवारी देवळात गेल्यावर रविवार चुकविल्यासारखे वाटे, आणि रविवारी फळ्यापुढे उभे राहताना पुन्हा तेच वाटे.

मोठे तडाखे तर कोणाला सांगून येत नाहीत. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात इथिओपियाच्या शाळांतून भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने होते. १९७४ साली सम्राट पदच्युत झाले आणि सारेच बदलले. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले, तेव्हा सुमारे १,७०,००० भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. त्यांत फळा-खडू सोडून आलेले शिक्षकही होते. २०२० च्या मार्चमध्ये विमाने थांबली आणि ७ मे रोजी 'वंदे भारत' विमाने सुरू झाली. त्या वर्षी आमच्या या बाईंना येता आले नाही. मस्कतच्या खोलीतून ती पडद्यावर चाळीस मुलांना गणित शिकवीत होती, आणि पेणला तिची मुलगी दुसऱ्या पडद्यावर दुसऱ्याच बाईंकडून तेच गणित शिकत होती.

तिच्या प्रश्नाचा विचार करीत असताना आमच्या ध्यानात आले की आपल्या या मुलखानेच परमुलखातल्या शिक्षकांचे पुष्कळ घेतले आहे. पेण, रोहे, अलिबाग या भागांत शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायली लोकांचे उदाहरण घ्या. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे आजही आहेत. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या परंपरेनुसार दावीद राहाबी नावाचा एक परदेशी गुरू कोकणात आला. त्याच्या काळाविषयी मतभेद आहेत. हे लोक खरोखर यहुदी आहेत काय, हे पाहण्यासाठी त्याने म्हणे बायकांना नाना तऱ्हेची मासळी रांधावयास दिली, आणि पर व खवले नसलेली मासळी त्यांनी आपणहून बाजूला काढली. मग त्याने त्यांच्यातील तिघांना धर्मविधी शिकवून काझी केले. आम्हांस या कथेत मोल वाटते ते याचे की गुरूने शिकविण्याआधी चुलीपाशी बसलेल्या बायकांकडून काहीतरी जाणून घेतले. पुढे १९४८ नंतर हेच लोक इस्रायलला जाऊ लागले, आणि तेथे त्यांचे यहुदीपण पुरते मान्य होण्यास १९६४ साल उजाडावे लागले.

किंवा सिंथिया फरार यांचे पाहा. न्यू हॅम्पशरची ही अविवाहित शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईस उतरली. मराठी शिकून तिने मुलींच्या शाळा चालविल्या. १८३९ पासून अहमदनगरला राहिली आणि १८६२ साली तेथेच वारली. जोतीराव फुल्यांनी नगरला जाऊन तिची शाळा पाहिली होती. तिचा पंथ आमचा नव्हे. ऋण मात्र आपल्या साऱ्या लेकींवर आहे. आणि फादर स्टीफन्स तर आमचेच. १५७९ साली हा इंग्रज गोव्यास आला, त्याच वर्षी त्याने लंडनमधील आपल्या व्यापारी पित्यास पत्र धाडले, आणि १६१९ साली मरेपर्यंत तो परत गेला नाही. १६१६ सालच्या ख्रिस्तपुराणातील सुमारे ११,००० ओव्यांबद्दल आपण त्याचे गुणगान करतो, आणि ते योग्यच आहे.

पण त्या पित्याचे काय? त्याने पत्र किती वेळा वाचले असेल? फरारबाईंची वाट न्यू हॅम्पशरमध्ये कोण पाहत होते? आपण घेणाऱ्याच्या बाजूला बसलो असल्याने हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही. परमुलखातला शिक्षक जे देतो त्याची किंमत तो एकटा भरीत नाही. त्याच्या मागच्या घरातले कोणीतरी ती भरीत असते, आणि त्या माणसाला बहुधा विचारलेलेही नसते. पेणच्या गणेशमूर्ती दर वर्षी जहाजाने परदेशी जातात. पाठविणाऱ्याला त्या परत याव्यात अशी अपेक्षा नसते. सहा वर्षांच्या मुलीने मात्र आईला तसे पाठविलेले नसते.

तर मग हे पाप आहे का? आम्ही पाप म्हणणार नाही. जिने कर्ज फेडले, घर उभे केले, चाळीस परक्या मुलांना प्रामाणिकपणे शिकविले, तिला पापिणी कोण म्हणेल? येथे एक गोष्ट बोलून दाखवावीशी वाटते, ती काहींना रुचणार नाही. आमच्या किनाऱ्यावरील कितीतरी बाप जहाजावर नोकरीस जातात, नऊ-नऊ महिने घरी नसतात. त्याआधीच्या पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत राहिल्या आणि कोकण मनिऑर्डरीवर जगले. त्यांपैकी एकाही पुरुषाने हा प्रश्न आमच्या पडवीत आणलेला नाही, आणि आम्हीही कोणाला विचारलेला नाही. बाईला मात्र तो शेजारीपाजारी रोज विचारतात. म्हणून तो तिच्या तोंडी आला.

पाप नाही म्हटल्याने मात्र विषय संपत नाही. हे ऋण आहे. 'हे सारे तुझ्याचसाठी' असे मुलीला सांगत राहिल्याने ते फिटत नाही. उलट असे सांगितल्याने आईच्या जाण्याचा भार मुलीच्याच डोक्यावर जातो. खरे असे की आई काही मुलीसाठी गेली, काही कर्जासाठी, आणि काही अंशी तिला तो वर्ग आवडतो म्हणूनही. हे तिसरे कारण तिने स्वतःशीही कबूल केलेले नव्हते. ज्याचे देणे आहे त्याच्यासमोर ते पुरते मांडणे हे पहिले पाऊल, असे आता आम्हांस वाटते. रुपयांच्या दाखल्यात यातले काही नव्हते, निदान आम्ही सांगितला तसा.

आमच्याही मागे एक घर होते. पंधराव्या वर्षी आम्ही सेमिनरीत गेलो. गुरुदीक्षेनंतर आमच्या आईने आम्हांला नावाने हाक मारणे सोडून दिले. सर्वांसारखी तीही 'फादर' म्हणू लागली. आम्हांस तो मान वाटला. ती गेल्यावर धाकट्या बहिणीने सांगितले की देवापुढे प्रार्थना करताना ती आमचे घरचे नावच घेत असे. हे त्या शिक्षिकेला त्या दिवशी सांगावयास हवे होते. ते सुचले नाही, सुचला तो दाखला.

जुलैच्या शेवटी ती परत निघाली, तेव्हा आम्ही पेणला तिच्या आईच्या घरी गेलो आणि तिची क्षमा मागितली. वरील बरेचसे तिला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि या खेपेस 'होय' म्हणाली नाही. म्हणाली, "फादर, मला तो वर्ग आवडतो हे तिला सांगितले तर तिला अधिकच लागेल." आम्ही म्हणालो, लागेल. मुलगी आतल्या खोलीत भूमितीच्या आकृत्या काढीत होती. तिने ते ऐकले की नाही, सांगता येत नाही. थोड्या वेळाने एक प्रमेय अडले म्हणून ती वही घेऊन बाहेर आली. विमान रात्रीचे होते, गाडी दारात उभी होती. बाई चटईवर बसली आणि तिने ते प्रमेय सुरुवातीपासून समजावून सांगितले. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजविला.

तिचा करार मार्चअखेर संपतो. मुलीची दहावीची परीक्षाही मार्चमध्येच आहे. करार वाढवून घेणार काय, हे आम्ही तिला विचारले नाही.