पऱ्हाटी कोणाची?

कापूस वेचून झाला की ब्राह्मणपुरीच्या शिवारात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या राहतात. लहानपणी अम्मीबरोबर मी त्या आणायला जात असे. आम्हाला जमीन नव्हती. अम्मी शेतमालकाला विचारायची, "दादा, नेऊ का?" तो म्हणायचा, "ने बहीण, माझंही शेत मोकळं होईल." त्या एका शब्दावर आमची चूल पावसाळाभर पेटायची. हा हक कुठल्या सातबाऱ्यावर नव्हता, पण गाव तो मानत होते.

अलीकडे गेलो, तेव्हा त्याच शेतातली पऱ्हाटी पांढऱ्या कोळशासाठी वजनावर विकली जात होती. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. कापसात खर्च निघत नसेल, तर काडीचे चार पैसे त्याने का सोडावेत? पण मोळीसाठी आलेली एक म्हातारी रिकाम्या हाताने परतली, आणि मला जगाचा एक मोठा हिशेब आठवला.

तो असा : झाड हवेतला कार्बन घेऊन वाढते आणि जाळले की तो परत हवेत जातो. मात्र तो वायू धुराड्यातच अडवून जमिनीत खोल पुरला, तर ऊर्जाही मिळते आणि हवेतला कार्बनही घटतो. ही कल्पना खोटी नाही. अमेरिकेतील डिकेटूर येथे मक्यापासून इथेनॉल करताना निघालेला सुमारे १० लाख टन वायू २०११ ते २०१४ या काळात खोल वालुकाश्मात साठवला गेला. आइसलँडमध्ये २०१२ साली काळ्या कातळात सोडलेल्या वायूचा बहुतेक भाग दोन वर्षांत दगड झाला. आपला सातपुडाही बहुतांशी अशाच कातळाचा आहे.

मग अडचण कुठे आहे? यंत्रात नव्हे, उधारीत. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०१४ च्या अहवालातील अनेक गणिते याच उपायावर उभी आहेत : आज मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडायचा आणि पुढे कधीतरी पिके जाळून तो परत ओढून घ्यायचा. कर्ज काढणे गुन्हा नाही. आमच्याकडे माणूस गेला तरी त्याचे कर्ज उरते. वारस आधी ते फेडतात, मग वाटणी करतात. पण ती फेड मृताच्या मालमत्तेतून होते, शेजाऱ्याच्या घरातून नाही! इथे धूर एकाचा, आणि फेडीसाठी लागणारी जमीन, पाणी, काडीकचरा मात्र दुसऱ्याचा.

चुलीचे गोडवे मी गात नाही. अम्मीचा खोकला मला अजून ऐकू येतो. त्या म्हातारीला परवडणारा गॅस मिळाला, तर मोळी तिला नकोच असेल. पण गॅस आधी मिळावा, मोळी नंतर जावी. काडीवर मातीचाही हक आहे. शेतात कुजून ती पुढच्या पिकाचे अन्न होते. म्हणून क्रम असा हवा : ज्याचा धूर, त्याने आधी तो कमी करावा, मग मातीचा वाटा, मग मोळीचा, उरेल ते खुशाल यंत्रात घालावे. असा क्रम पाळल्यास उपाय लहान होईल, हे मला कळते. पण तो प्रामाणिक होईल.

अम्मी अडाणी होती. तरी दुसऱ्याच्या शेतातली काडी उचलण्याआधी ती विचारत असे.