राखेतलं कॅल्शियम

आजीच्या अस्थी सावडायला गेलो होतो, तेव्हा मी आत्याला एक वाक्य ऐकवलं. ती राखेत हात घालून नुसती बसून होती. मी म्हणालो, "आत्या, हे कॅल्शियम एका ताऱ्यात तयार झालंय. ते कुठंही गेलेलं नाही." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला कॅल्शियम नकोय रे."

वाक्य खोटं नव्हतं, हीच अडचण आहे. खरी गोष्ट कुणालाही, केव्हाही सांगायला हरकत नसते असं मला तोवर वाटायचं. सांत्वनाला खरं असणं पुरतं का, हा प्रश्न त्या दिवशी चिकटला तो चिकटलाच.

आधी खरं काय ते. चिता जळते तेव्हा अणूंच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची फक्त फेरमांडणी होते. एका अणूमागे काही इलेक्ट्रॉन व्होल्ट, एवढाच तो व्यवहार. केंद्रकाला त्याची खबरही लागत नाही; तिथला हिशेब लाखो इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो. सूर्याच्या गाभ्यात, सुमारे दीड कोटी अंशांवर, हायड्रोजनच्या चार केंद्रकांचं हेलियमचं एक केंद्रक होतं आणि वजन साधारण ०.७ टक्के कमी भरतं. ती तूट म्हणजे आपलं ऊन. सूर्याच्या आठपटीहून जड तारे पुढे कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन करत लोहापर्यंत पोचतात. लोहापाशी गाडी अडते: ते जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट पदरची घालावी लागते. गाभा सेकंदाभरात कोसळतो, ताऱ्याचा स्फोट होतो, आणि तिथं घडलेलं कॅल्शियम अवकाशात उधळतं. मूलद्रव्यं अशी ताऱ्यांत घडतात, याची सविस्तर मांडणी बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉइल यांनी १९५७ साली केली.

म्हणजे चितेला आजीच्या हाडांतला कॅल्शियमचा एकही अणू मोडता आला नाही. छान. पण हे सांत्वन चुनखडीलाही तितकंच लागू पडतं. शिवाय ते 'आजीचे' अणू कधी नव्हतेच. हाडंसुद्धा जन्मभर झिजतात आणि नव्याने भरतात. आजी म्हणजे त्यांची मांडणी होती, आणि मांडणी नेमकी त्या काही इलेक्ट्रॉन व्होल्टांच्या पट्ट्यात राहते, जिथं एक काडी पेटवली की काम होतं.

याचा मला आधी रागच आला. एवढं कच्चं बांधकाम का?

मग रक्तातलं लोह आठवलं. हिमोग्लोबिनमधलं लोह फुफ्फुसात ऑक्सिजन धरतं आणि पेशींपाशी सोडतं. सैल धरतं म्हणूनच सोडू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला हिमोग्लोबिन सुमारे २०० पट घट्ट धरतं. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं मरतात ती त्यामुळे. आजी केंद्रकासारख्या घट्ट बंधांची असती तर कुठल्याच चितेला ती जळली नसती. पण मग तिला भाकरीही पचली नसती, आणि माझं नावही लक्षात राहिलं नसतं, कारण लक्षात राहणं म्हणजे मेंदूत काहीतरी बदलणं. बदलता येईल इतकं सैल असायचं, तर जळता येईल इतकंही सैल असावं लागतं. यातून सूट मिळत नाही.

हे मला पटतं. याने बरं वाटतं असं मात्र म्हणणार नाही. आणि आत्याला हेही सांगितलं असतं तरी ते चुकीचंच ठरलं असतं, कारण मुळात मी तिच्यासाठी बोललोच नव्हतो. मला त्या राखेकडे बघवत नव्हतं, म्हणून मी ताऱ्यांकडे पळालो होतो. तिच्याशेजारी गप्प बसणं जास्त अवघड होतं.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर तिनेच विषय काढला. "ते कॅल्शियम पानाच्या चुन्यातही असतं का रे?"

"हो. तेच."

आजीची चंची खुंटीला होती. आत्याने त्यातली चुन्याची डबी काढली, झाकण घट्ट आहे का बघितलं आणि आपल्या पिशवीत टाकली.