स्मृतीची राखण

भगवद्भक्तहो, गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द आला आहे. तेथे त्याचे मूळ क्रोधात सांगितले आहे. परंतु म्हातारपणी घरची वाट आठवत नाही, जेवलो की नाही हे कळत नाही, तो स्मृतिभ्रंश निराळा. तो मेंदूचा रोग होय. शब्द एक म्हणून आपले लोक दोहोंची गल्लत करतात आणि ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे होतात. गतजन्मीचे पाप म्हणणारेही भेटतात. त्यांना काय म्हणावे!

2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात साठीपुढील शंभरांत सुमारे 7 जणांना हा रोग आहे. 2024 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकाच्या अभ्यासमंडळाने 14 कारणे सांगितली. ती आवरली तर जगातील सुमारे 45 टक्के रोग टळेल वा लांबेल, असा त्यांचा अंदाज.

चालणे, चारचौघांत मिसळणे, बुद्धी राबती ठेवणे हे त्यात आलेच. आमच्या वर्धा जिल्ह्यातले पवनारचे विनोबाजी पहा. 1942 नंतर वेलूरच्या तुरुंगात, पन्नाशीकडे झुकलेले असता, दक्षिणेच्या भाषा शिकत बसले. 1951 साली पायी निघाले ते 1964 साली पवनारला परतले. एका पुरुषाचे उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे, पण वळण कळते. नाहीतर आम्ही! एक वारी करायची आणि अकरा महिने ओट्यावर बसायचे. पाठ असलेला हरिपाठ म्हणताना जिभेला काम पडते, बुद्धीला थोडेच. महिन्याला एक नवा अभंग अर्थासह पाठ करावा.

आता कानांचे. कीर्तनात एखादे बाबा आधी पुढे सरकून बसतात, मग नुसती मान हलवतात, आणि पुढच्या एकादशीला येतच नाहीत. ऐकू येईना म्हणून संगत सुटते, संगत सुटली की मन मिटते. बहिरेपण हे त्या 14 कारणांतले एक मोठे कारण आहे. चष्म्याची लाज नाही, मग कानाच्या यंत्राचीच का बाप्पा?

रक्तदाब तपासावा, विडी टाकावी. मधुमेह्याने एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोनदा चेपू नये. तो उपवास नव्हे. विसर वाढू लागला तर दवाखाना गाठावा. काही जीवनसत्त्वे कमी पडल्यानेही विसर पडतो, आणि तो औषधाने सुधारू शकतो.

इतके करूनही कोणाला हा रोग गाठतोच. त्याची साधना कमी पडली, असे कोणी म्हणू नये. लेकाचे नाव विसरलेली माणसे जुना अभंग बरोबर धरतात, हे पुष्कळदा दिसते. त्यांच्या हातचा टाळ काढून घेऊ नका.