उंबरठ्याबाहेरच्या सिस्टर्स

विदर्भात चार-पाच वर्षांचं पोर काय करतं असं विचारलं, तर आजी सहज सांगते, ‘कॉन्व्हेंटला जातो.’ त्या शाळेत नन औषधालाही सापडत नाही. फाटकावर गणपती, भिंतीवर शारदा आणि पाटीवर देवाच्या नावापुढे ‘कॉन्व्हेंट’. दवाखान्यातही तीच तऱ्हा. सलाइन संपत आलं की नातेवाईक ‘सिस्टर, ओ सिस्टर’ म्हणून धावतो. ती सिस्टर कुलकर्णी असते, मेश्राम असते, नाहीतर शेख. पहिला शब्द ननांच्या मठाचा, दुसरा व्रतस्थ बाईला हाक मारण्याचा. मराठीने त्यांतला धर्म अलगद बाजूला काढला आणि दोन कामं तेवढी ठेवून घेतली: शिकवणं आणि शुश्रूषा.

गंमत अशी, की नन म्हणवणाऱ्या बाईला एके काळी या दोन्ही कामांसाठी दाराबाहेर पडायची परवानगीच नव्हती.

१२९८ मध्ये पोप आठव्या बोनिफेसने फर्मान काढलं, की ननांनी मठाच्या भिंतीआड राहायचं. १५६३ मध्ये चर्चच्या ट्रेंट परिषदेने तोच नियम पुन्हा आवळला. सभ्य बाईला जागा दोनच, नवऱ्याचं घर किंवा मठाची भिंत, असा त्या काळचा हिशोब होता. तो मोडू पाहणाऱ्यांचं काय झालं, याची दोन उदाहरणं बोलकी आहेत. मेरी वॉर्ड या इंग्रज बाईने १६०९ पासून मुलींच्या शाळांसाठी भिंतीबाहेर राहणाऱ्या व्रतस्थ बायकांचा संघ उभारला. १६३१ मध्ये पोपने तो बरखास्त केला आणि खुद्द मेरी वॉर्डला काही काळ कोंडून ठेवलं. दुसरं उदाहरण आल्प्सच्या पायथ्याच्या आनसी गावचं. नागपूरकर ज्यांच्या नावाची शाळा आणि कॉलेज ‘एसएफएस’ म्हणून ओळखतात, त्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांनी जान द शांताल यांच्यासोबत १६१० मध्ये तिथे एक संघ काढला. त्यातल्या बायका आजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची सेवा करत. आठ वर्षांत वरून दबाव आला आणि त्याही भिंतीआड गेल्या.

मग वाट सापडली ती एका साध्या युक्तीने. १६५० मध्ये फ्रान्समधल्या ल प्वी या गावी जां-पिएर मेदाय या जेझुइट धर्मगुरूभोवती सहा बायका जमल्या. त्यांच्या निवासाचं स्वयंपाकघर आजही तिथे दाखवतात. लेस विणायची, अनाथ मुलींना ते काम शिकवायचं, गावाचे भाग वाटून घेऊन कोण उपाशी आहे, कोण आजारी आहे हे बघत फिरायचं, असा त्यांचा दिनक्रम. पेहराव त्यांनी निवडला तो विधवेचा. त्या काळच्या फ्रान्समध्ये रस्त्यावरून एकटी जाणारी बाई विधवा असेल, तर तिला कुणी हटकत नसे. पुढे जो काळा झगा सिस्टर्सची ओळख बनला, त्याचं मूळ या सोयीत आहे. आपल्याकडे विधवेच्या लाल आलवणाने बाईला घरात कोंडलं. ल प्वीमध्ये विधवेच्याच कपड्यांनी बाईला रस्ता मिळवून दिला. या बायकांनी स्वतःला ‘सेंट जोसेफच्या सिस्टर्स’ म्हटलं आणि भिंतीचा प्रश्न न भांडता टाळला.

फ्रेंच राज्यक्रांतीत हा संघ उधळला गेला. काही सिस्टर्स गिलोटिनखाली गेल्या. जान फोंबोन ही सिस्टर तुरुंगात मरणाची वाट बघत असतानाच क्रांतीचा नेता रोबेस्पिएर पडला आणि ती वाचली. १८०७ पासून तिनेच संघ पुन्हा बांधला. त्याला शाखा फुटत गेल्या, १८१२ मध्ये शांबेरीला, १८३३ मध्ये आनसीला. ज्या आनसीत दोनशे वर्षांपूर्वी बायकांना आत ढकललं होतं, तिथूनच १८४९ मध्ये काही सिस्टर्स जहाजात बसल्या आणि गोदावरीच्या मुखाजवळच्या यानम या फ्रेंच वसाहतीत उतरल्या. सेंट जोसेफचं नाव पुढे कामठी, नागपूर, जबलपूर असं मध्य भारतात पसरलं.

मध्य भारतातल्याच भोपाळची गोष्ट मात्र यापेक्षा निराळी. शंभरहून अधिक वर्षं तिथे बेगमांचं राज्य होतं. सिकंदर बेगमेच्या दरबारात बुर्बों घराण्याचा कॅथलिक सरदार मानाच्या जागी होता, आणि जहांगीराबादेतलं जुनं चर्च त्याच घराण्यातल्या बाईने १८७०च्या दशकात बांधवून घेतलं. राज्य बायकांचं असलं तरी पडदा कडक. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका घरोघर होत्या. म्हणून शाहजहान बेगमेने जनाना इस्पितळ उघडलं आणि त्याला व्हाइसरॉयच्या पत्नीचं, लेडी लॅन्सडाउनचं नाव दिलं. तेच पुढे सुलतानिया म्हणून ओळखलं गेलं. बायकांना बाईच डॉक्टर हवी, हे बेगमेला उमगलं होतं. रोमला ते उमगायला आणखी चार दशकं लागली.

कारण भिंतीबाहेर आलेल्या सिस्टरपुढे आता दुसरी भिंत होती. ती जखम धुवू शकत होती, औषध पाजू शकत होती. पण डॉक्टर होणं आणि विशेषतः बाळंतपण करणं व्रतस्थ बाईला शोभत नाही, असा चर्चचा दंडक होता. ॲग्नेस मॅकलारेन ही स्कॉटिश डॉक्टर सत्तरी ओलांडल्यावर रावळपिंडीत बायकांचं इस्पितळ उभारायला आली आणि हा दंडक उठवावा म्हणून रोमचे उंबरे झिजवत राहिली. १९१३ मध्ये ती गेली. तिच्या हाकेला ओ देऊन ॲना डेंगल ही ऑस्ट्रियन मुलगी डॉक्टर झाली, १९२० मध्ये रावळपिंडीला आली आणि पडद्याआडचे तेच मृत्यू तिने रोज पाहिले. १९२५ मध्ये तिने वॉशिंग्टनला मेडिकल मिशन सिस्टर्सचा संघ काढला. मात्र दंडक कायम असल्यामुळे त्यातल्या बायकांना पूर्ण व्रतं घेता येत नव्हती. अखेर फेब्रुवारी १९३६ मध्ये रोमने परवानगी दिली. उत्तर हिंदुस्थानातल्या पडदानशीन बायकांच्या मरणाने जगभरच्या ननांसाठी नियम बदलला, हे या इतिहासातलं फारसं न सांगितलं जाणारं पान आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ नव्या मध्य प्रदेशची राजधानी झालं आणि नागपूरची राजधानी गेली. फायली, टाइपरायटर आणि संसार घेऊन नागपूरची मराठी कुटुंबं टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरांत उतरली. त्याच साली ईदगाह हिल्सवर शांबेरी शाखेच्या सिस्टर्सनी मुलींसाठी सेंट जोसेफ कॉन्व्हेंट उघडलं. सरकारमागून चर्चनेही मुक्काम हलवला: १९६३ मध्ये भोपाळला आर्चबिशपचं पीठ मिळालं आणि त्यावर आले ते नागपूरचेच आर्चबिशप युजीन डिसूझा.

पण १९५६ या सालाला दुसरीही बाजू आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने त्याच वर्षी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामावरचा अहवाल दिला. शाळा आणि दवाखाने यांच्या आडून धर्मांतर होतं, असा त्यात आरोप होता आणि वैद्यकीय सेवेचा त्यासाठी वापर करण्यावर बंदी घालावी, अशी शिफारस होती. पुढे १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. विशेष म्हणजे अहवाल लिहिणाऱ्या नियोगींनी त्याच १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरात बौद्ध धर्म स्वीकारला. सेवा निरपेक्ष असते का, हा त्यांच्या समितीने विचारलेला प्रश्न टाळून सिस्टर्सचा इतिहास सांगता येत नाही. त्याच्याच जोडीला आणखी एक प्रश्न येतो, आणि तो सिस्टर्सनी स्वतःलाच विचारायला हवा होता. ल प्वीमध्ये ज्यांनी अनाथ मुलींना लेस विणायला शिकवलं, त्यांच्या वारसदारांच्या शाळांत आता अधिकाऱ्यांच्या मुलींसाठी रांगा लागत होत्या. उंबरठा ओलांडलेल्या बायकांनी नकळत एक नवा उंबरठा घातला होता, प्रवेश अर्जाचा.

ही अस्वस्थता संघांच्या आतूनही उसळत होती. मेरी वॉर्डच्या परंपरेतल्या लोरेटो संघाची एक शिक्षिका १९४८ मध्ये शाळा सोडून बाहेर पडली. सुई टोचायला आणि बाळंतपणात मदत करायला शिकण्यासाठी ती आधी गेली पाटण्याला, ॲना डेंगलच्या सिस्टर्सच्या इस्पितळात. आपल्या संघातल्या मुली गरिबांसारख्या मीठभातावर राहतील, असं तिने तिथे सांगितलं. अशाने मुली क्षयाने मरतील, असं डॉक्टर सिस्टर्सनी तिला स्पष्ट बजावलं. तिने ऐकलं; तिच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघात पोटभर जेवण्याचा नियम तिथून आला.

मदर तेरेसा या नावाने जग ओळखायला लागलेली ती बाई डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला आली. २ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे ४० टन विषारी वायू सुटला होता. हमीदिया इस्पितळात पाय ठेवायला जागा नव्हती. तिने डोळे गेलेल्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि लोकांना सांगितलं, क्षमा करा. हात ठेवणं लोकांना कळलं. क्षमा अनेकांना कळली नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं, कारण गुन्हा कुणी कबूलच केला नव्हता. पुढच्या वर्षांत भोपाळच्या बुरखेवाल्या आणि पदरवाल्या बायका नुकसानभरपाईसाठी मोर्चे काढत राहिल्या. अश्रू पुसणं पुरेसं आहे, की अश्रू आणणाऱ्याला जाब विचारायचा, हा सेवेच्या कल्पनेपुढचा पेच या शहराइतका उघडा क्वचितच कुठे पडला असेल.

त्या पेचाला एक उत्तर देवास जिल्ह्यातल्या उदयनगरात मिळालं. केरळहून आलेल्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या सिस्टर राणी मारिया तिथल्या आदिवासींना वह्या-औषधांबरोबर कर्जाचा हिशोब समजावून देत होत्या: बँक कुठे आहे, सरकारी योजना कोणती, सावकाराचं व्याज किती चढलं. चारशे वर्षांपूर्वी बाईने दाराबाहेर पाऊल ठेवू नये म्हणणाऱ्या चर्चच्या त्या सिस्टर होत्या, आणि त्यांचं पाऊल थेट सावकाराच्या ओट्यापर्यंत गेलं होतं. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये, प्रवाशांदेखत, त्यांना भोसकून मारलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात चर्चने त्यांना ‘धन्य’ घोषित केलं आणि हुतात्मा म्हटलं. चर्चच्या भाषेत हुतात्मा म्हणजे श्रद्धेसाठी मरण पावलेला. उदयनगरात मात्र भांडण देवावरून नव्हतं, व्याजावरून होतं.