पंचाची सही

साक्ष खरी द्यावी, मग ती स्वतःच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध का जाईना, अशी कुरआनची शिकवण आहे. वर्गात मुलांना हे सांगणे सोपे असते. जुलै 2022 मध्ये वणा नदीचे पाणी हिंगणघाटच्या सखल वस्त्यांत शिरले, तेव्हा ते आम्हाला अवघड गेले.

एका विधवा चाचींच्या मातीच्या घराची मागची भिंत कोसळली होती. उरलेल्या तीन फुगल्या होत्या, पण उभ्या होत्या. शेजारी म्हणाले, "सर, याही रात्रीतून पाडून टाकतो. पंचनाम्यावर तुम्ही सही करा."

त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांत मैदानी भागातील पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000 रुपये होते. कच्च्या घराचे अंशतः, पण किमान 15 टक्के नुकसान असेल तर 4,000 रुपये. मधली पायरीच नाही. ओल्या मातीची भिंत राहण्यालायक नसली, तरी कागदावर ती 'उभी' असते. खोटे बोलण्याचा मोह इथे निकषानेच घातला होता.

म्हणून खोटे माफ होते का? 'सरकारचा पैसा, कुणाच्या खिशातून जातो?' असे म्हणतात. या मदतनिधीत केंद्राचे 75 आणि राज्याचे 25 टक्के असतात, आणि दोन्हीकडचा पैसा साबण विकत घेणाऱ्या मजुराच्याही करातून येतो. ती सर्वांची अमानत आहे. शिवाय एक सही खोटी ठरली, की तलाठी पुढच्या खऱ्या पडक्या घरावरही संशय घेतो.

आम्ही भिंती पाडू दिल्या नाहीत. भेगा, झुकाव, खचलेली जोती, सारे पंचनाम्यात लिहायला लावले आणि मग सही केली. चाचींना अंशतः नुकसानीचीच रक्कम मिळाली.

आमचे इमान शाबूत राहिले. त्याची किंमत मात्र चाचींनी मोजली. हा कुठला इन्साफ? गरिबाला खरे बोलायला सांगणाऱ्याने त्या खरेपणाचा तोटाही वाटून घेतला पाहिजे. त्या वर्षी मोहल्ल्याने वर्गणी काढून भिंत बांधून दिली. त्याला खैरात म्हणू नये. आमच्या सहीने अंगावर आलेले ते कर्ज होते. निकषात मधली पायरी यावी म्हणून अर्ज करीत राहणे, हे त्या कर्जाचे उरलेले हप्ते आहेत.